टिटवीचं अंडं, संशोधकाचा हात आणि मे महिन्यातलं ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीम-यवतमाळकडच्या बरड माळावर आणि पडीक वावरांत मार्च ते जून टिटवीच्या घरट्यांचा पदव्युत्तर अभ्यास करायचा आहे. आराखड्यात रोज अंडी मोजणं, वजन घेणं, पाण्यात सोडून अंड्याचं वय काढणं, घरट्याजवळ झेंडी रोवणं आणि कॅमेरा लावणं असं सगळं आहे. गावातले जाणते मात्र सांगतात की माणसाचा हात लागला की टिटवी अंडी टाकून देते. तर या अभ्यासानं अंड्यांचं नुकसान होतं का, आणि होत असेल तर नेमकं कशानं?

नुकसान होऊ शकतं. पण गावात ज्याची भीती सांगतात, त्या हाताच्या वासाचा त्यात फारसा वाटा नाही. टिटवीसारखा पक्षी वासावरून अंडं नाकारत नाही. घरटं सुटतं ते पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवल्यामुळे, आणि तेही बहुतेक वेळा अंडी घालण्याच्या दिवसांत किंवा उबवणीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत. तोवर पक्ष्याची त्या घरट्यातली गुंतवणूक कमी असते, दुसरीकडे नवी अंडी घालणं त्याला परवडतं. उबवणीचे तीन आठवडे झाले की तीच टिटवी तुमच्या डोक्यावर झेप घेते, पण जागा सोडत नाही. म्हणून गावातलं म्हणणं खोटं ठरवत बसू नका. लोकांनी घरटी सुटलेली पाहिली आहेत, फक्त त्यामागचं कारण वेगळं निघालं.

विदर्भातल्या उन्हाळ्यात खरा हिशोब मिनिटांचा आहे. पक्ष्याच्या भ्रूणाची वाढ साधारण ३६ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये नीट होते. अंडं थंड होऊन २५-२६ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते, पण भ्रूण लगेच मरत नाही. ऊब मिळाली की पुन्हा वाढीला लागतो. वरच्या बाजूला अशी सवलत नाही. ४१-४२ अंशांच्या पुढे धोका झपाट्यानं वाढतो. म्हणजे ३८ अंशांवरच्या अंड्याला थंडीच्या बाजूला दहा-बारा अंशांची मोकळीक आहे आणि उन्हाच्या बाजूला तीन-चार अंशांचीच. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा उघड्या मुरमाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, दुपारी तळहात ठेववत नाही. त्या मुरमावर वीस ग्रॅमचं अंडं उघडं पडलं तर ते तापायला फार वेळ घेत नाही.

दुपारी टिटवी घरट्यावर पंख सैल करून उभी दिसते, ती बहुतेक वेळा उबवत नसते, सावली धरून असते. जवळच्या डबक्यावर किंवा कालव्यावर जाऊन ती पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी ओली करून गार ठेवते. नर आणि मादी आळीपाळीनं हे करतात. अशा वेळी तुम्ही तिला उठवलं की अंड्यांचं छप्परच काढून नेलंत. परदेशी पुस्तकांत 'पक्षी उठल्यावर अंडी गार होतात' एवढीच काळजी लिहिलेली असते, कारण ती थंड मुलखात लिहिली गेली. ते वाचून 'उन्हाळ्यात काय, ऊब तर आहेच' असा निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे नेमकं उलटं आहे.

म्हणून पहिला नियम वेळेचा. घरट्यावर जायचं ते सकाळी, उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत. एप्रिलच्या मध्यानंतर आठलाच थांबा. संध्याकाळ सोयीची वाटते, पण दोन कारणांनी टाळा. सहा वाजले तरी जमीन तापलेली असते, आणि तुमच्या पावलांची ताजी वाट रात्री फिरणाऱ्या खोकड, कोल्हा आणि मोकाट कुत्र्यांसाठी तयार राहते. सकाळच्या वाटेवरचा वास दिवसभराच्या उन्हात विरतो. अंड्यांजवळ पोहोचल्यापासून निघेपर्यंत पाच मिनिटं, ही वरची मर्यादा. काम उरलं तरी उठायचं. पाठ सूर्याकडे करून बसा म्हणजे तुमची सावली अंड्यांवर पडेल. छत्री नेऊ नका, ती उघडलेली पाहून टिटवी कितीतरी लांब जाते आणि उशिरा परतते.

निघाल्यावर शंभर-दीडशे मीटरवर आडोशाला बसून घड्याळ लावा. पक्षी किती मिनिटांनी अंड्यांवर बसला ते प्रत्येक भेटीला वहीत लिहायचं. उन्हाळी सकाळी दहा मिनिटांत परतला नाही तर तुम्ही अजून जवळ आहात, आणखी मागे सरका. हा एक आकडा बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत, आणि तुमच्या पद्धतीनं अंड्याला काय होतंय हे सांगणारा तोच सगळ्यांत थेट आकडा आहे.

आता हातांकडे येऊ. वासानं काही होत नाही, पण हातावर जे असतं त्यानं होतं. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून ऑक्सिजन आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर येते. तेल लागलं की छिद्रं बुजतात. काही देशांत शहरांतल्या हंसांची आणि कुरवांची संख्या आवरायला त्यांच्या अंड्यांना मक्याचं तेल मुद्दाम लावतात. पिल्लू आत गुदमरतं आणि पक्षी तसाच उबवत राहतो. डोक्याला लावलेलं खोबरेल, डासांचं मलम, उन्हाची क्रीम, गाडीची साखळी बसवताना लागलेलं ग्रीस, यांतलं काहीही बोटांवर असता कामा नये. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, फवारणी. पंप भरणाऱ्या, बियाण्याला औषध चोळणाऱ्या हातानं अंडं उचलू नका, आणि मदतीला आलेल्या शेतकरी भावालाही उचलू देऊ नका. साध्या साबणानं धुतलेले, पूर्ण कोरडे हात पुरे. पावडर लावलेले हातमोजे नकोत, घामानं ती पावडर अंड्याला चिकटते आणि पकडही सैल होते.

अंडं उचलायचं तीन बोटांनी, मधल्या जाड भागाला धरून, जमिनीपासून वीतभरापेक्षा वर न नेता, खाली मऊ फडकं पसरून. गोल फिरवत पाहायचं नाही. पिवळा बलक दोन्ही टोकांकडे पांढऱ्या पीळदार दोरांनी तोललेला असतो. एकाच दिशेनं फिरवत राहिलं किंवा झटका दिला तर ते दोर ताणतात. पहिल्या आठवड्यातलं भ्रूण आणि त्याच्या कोवळ्या रक्तवाहिन्या धक्क्याला फार नाजूक असतात. बोथड टोकाकडची हवेची पोकळीही हिसक्यानं सुटू शकते. पक्षी स्वतः अंडी फिरवतोच की, असं कोणी म्हणेल. फिरवतो, पण चोचीनं, हळू, जागच्या जागी, उलटसुलट.

टिटवीची चार अंडी टोकं आत करून फुलासारखी मांडलेली असतात. ती मांडणी बिघडली तर पोटाखाली चारही अंडी नीट मावत नाहीत. पक्षी ती परत सारखी करतो, पण त्यात वेळ जातो, आणि काळ्या मातीच्या वावरात एखादं अंडं शेजारच्या भेगेत घरंगळलं तर गेलंच. म्हणून एका वेळी एकच अंडं बाहेर. ते परत ठेवल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

ओळखीसाठी नाव किंवा आकडा लिहायची गरज नसते. मऊ टूबी पेन्सिलनं बोथड टोकाजवळ एक, दोन, तीन, चार बारीक ठिपके द्या. टोकं आत असल्यामुळे बोथड भाग बाहेर असतो आणि पुढच्या भेटीत अंडं न उचलता ठिपके वाचता येतात. पेन्सिल दाबायची नाही. कायमच्या शाईचे मार्कर टाळा, त्यातला द्रावक छिद्रांतून आत जाऊ शकतो. शिवाय पांढरा किंवा लाल ठिपका कावळ्याला लांबून दिसतो. मातकट रंगावर काळे डाग हेच टिटवीच्या अंड्याचं संरक्षण, ते तुम्ही पुसायचं नाही.

मापं एकदाच घ्यायची असतात, रोज नाही. अंड्याची लांबी-रुंदी उबवणीत बदलत नाही. टिटवीचं अंडं साधारण ४२ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असतं. प्लॅस्टिकचा व्हर्निअर (जबड्यांत धरून माप घ्यायची पट्टी) वापरा, लोखंडी जबडे पातळ कवचावर ओरखडा काढतात. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला ०.५१ नं गुणलं की घनफळ मिळतं. ०.५४८ नं गुणलं तर ताज्या अंड्याचं वजन ग्रॅममध्ये. ४.२ गुणिले ९ म्हणजे ३७.८, त्यावरून ताजं वजन २०.७ ग्रॅमच्या आसपास येतं. पूर्ण उबवणीत अंड्याचं वजन बाष्प गेल्यामुळे सुमारे १५ ते १८ टक्के घटतं. म्हणजे या अंड्यातून २८ ते ३० दिवसांत साधारण सव्वातीन-साडेतीन ग्रॅम जातील, दिवसाला ग्रॅमचा जेमतेम आठवा-नववा भाग. आता पाहा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर रोज वजन घेऊन तुम्हाला काय मिळणार? काट्याची चूक. सराफाकडचा ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या, वाऱ्यासाठी भोवती प्लॅस्टिकच्या डब्याचा आडोसा करा आणि वजन दोनदाच करा, एकदा सुरुवातीला आणि एकदा बारा-चौदा दिवसांनी. दोन बिंदूंमधली घट रोजच्या तीस नोंदींइतकीच सांगते आणि टिटवी अठ्ठावीस वेळा कमी उठते.

वय काढायला पाण्याची पद्धत चांगली आहे. घरी कोंबडीचं अंडं पाण्यात टाकून ताजं-शिळं ओळखतात, तत्त्व तेच. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. काही दिवसांनी बोथड टोक वर उचलतं, साधारण आठवड्याभरात अंडं तळावर उभं राहतं, पुढे तळ सोडतं आणि पाण्याच्या वर त्याची गोल चकती दिसू लागते, ती मोठी होत जाते. टिटवीच्या डागाळलेल्या, गडद कवचातून बॅटरीचा प्रकाश नीट जात नाही, त्यामुळे कँडलिंगचा (प्रकाश पाडून अंड्याच्या आत पाहण्याचा) इथे फारसा उपयोग नाही. होले, साळुंकी, मुनिया यांच्या पातळ पांढऱ्या किंवा फिक्या अंड्यांना मात्र कँडलिंगच बरं. गार एलईडी बॅटरी घ्या, अंड्याच्या टोकाला काळा रबरी नळीचा तुकडा लावा, पाच-सात सेकंद पाहा, बस.

पाण्याच्या पद्धतीत अंडं बिघडतं ते पाण्याच्या तापमानानं, आणि हे फार कमी लोक पाळतात. ऊबदार अंडं थंड पाण्यात गेलं की आतला भाग आकुंचन पावतो आणि छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्याबरोबर जिवाणूही जातात. म्हणून पाणी अंड्याइतकं किंवा किंचित जास्त ऊबदार हवं, ३७-३८ अंश. माठातलं सकाळचं पाणी फार थंड असतं, आणि गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली एप्रिलमध्ये सहज ४५ वर गेलेली असते. थर्मामीटर बुडवून बघितल्याशिवाय अंडं सोडू नका. उकळून निववलेलं पाणी घ्या, प्रत्येक घरट्याला नवं. रुंद तोंडाची एक लिटरची पारदर्शक बरणी आणि चहाची मोठी गाळणी एवढं साहित्य पुरे. गाळणीत अंडं ठेवून अलगद बुडवा, पाच सेकंदांत कोन पाहा, उचला, सुती फडक्यानं टिपा. पुसायचं नाही, कवचावरचं पातळ संरक्षक आवरण घासलं तर निघतं. चारांपैकी दोनच अंडी बुडवा. चोचीनं टोचायला सुरुवात झालेलं, बारीक तडा गेलेलं किंवा आतून टकटक ऐकू येणारं अंडं कधीही पाण्यात घालायचं नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात काम असेल तर एक जास्तीची खबरदारी. तिथलं विहिरीचं पाणी क्षारांमुळे जड असतं आणि जड पाण्यात अंडं लवकर तरंगतं. अंड्याचं वजन दिवसाला अर्धा-पाऊण टक्काच घटतं, त्यामुळे लिटरला पाच ग्रॅम क्षार असले तरी वयाचा अंदाज अर्ध्या-पाऊण दिवसानं पुढे सरकतो. सगळीकडे एकाच ठिकाणचं गोडं पाणी वापरा. आणि तरंगणं म्हणजे जिवंत असणं नव्हे. वांझ किंवा सडलेलं अंडंही वाळत जातं आणि तसंच तरंगतं.

मात्र सगळ्यांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग वेगळाच आहे. घरट्यात एक किंवा दोन अंडी असताना ते सापडलं, तर दुर्बिणीतून लांबून लक्ष ठेवा. चौथं अंडं कधी आलं ते कळलं की उबवणीची तारीख हातात आली, बुडवायची गरजच उरली नाही. या काळात जवळ जाऊ नका, कारण सोडून जाण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

झेंडी रोवू नका. घरट्याजवळची काठी म्हणजे डोमकावळ्याला बसायला जागा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण. जीपीएस बिंदू घ्या, आणि जमिनीवर खूण हवीच असेल तर घरट्यापासून ठरावीक अंतरावर, समजा दहा पावलं उत्तरेला, एक साधा दगड उलटा करून ठेवा. सगळ्या घरट्यांना तेच अंतर, तीच दिशा. जाताना सरळ घरट्याशी जाऊन मागे फिरू नका, नाहीतर वाट घरट्यापाशी संपते आणि मुंगसाला ती वाचता येते. बाजूनं चालत या, थांबा, काम करा, पुढे चालत निघून जा. कुसळी किंवा पवन्या गवतात तितर, लावा किंवा चंडोलाचं घरटं असेल तर वाकलेलं गवत दोन-तीन दिवस तसंच राहतं, त्यामुळे तिथे दर वेळी वेगळी वाट. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत जाऊच नका. पावलाचा खळगा तयार होतो, पुढच्या सरीत पाणी त्यातून घरट्याकडे वळतं, आणि चिखल लागलेलं ओलं अंडं जिवाणूंना मोकळं होतं. घरट्याकडे निघताना कावळा, टकाचोर किंवा भारद्वाज आसपास दिसला तर त्या दिवशी ते घरटं सोडा. कावळा माणसाची हालचाल पाहतो आणि मागून येतो.

गावातली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोरात, खोलगट जागी घातली तर ओढ, चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, असं आपल्याकडे मानतात. मे अखेरीस ही अंडी पाहायला लोक जातात, मोबाइलवर फोटो काढतात. तुमच्यामुळे घरटं माहीत झालं तर तिथे माणसांची रांग लागेल. ढोरक्याला (गुराख्याला) विश्वासात घ्या, त्याला माळावरचं प्रत्येक घरटं तुमच्याआधी ठाऊक असतं, पण गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ठिकाण टाकू नका.

कॅमेरा लावायचा तर सगळ्या घरट्यांना नको. जमिनीपासून फूटभर उंच, घरट्यापासून तीन मीटर तरी लांब, मातकट कापडात गुंडाळून, आणि वर कोणाला बसता येणार नाही असा. दोन टप्प्यांत लावा, आधी नुसता खुंट, दुसऱ्या दिवशी कॅमेरा, म्हणजे पक्ष्याला सवय होते. कॅमेरा ठेवून दूर गेल्यावर वीस मिनिटांत पक्षी बसला नाही तर काढून घ्या. घरट्यात तापमान नोंदवायला आयबटन वापरतात, सतरा मिलिमीटर व्यासाची धातूची चकती. त्याच्या एका जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात २०४८ नोंदी मावतात, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तर चौदा दिवस. ती अंड्यांना टेकवून ठेवू नका. पक्षी उठल्यावर उन्हात धातू अंड्याच्या आधी तापतो आणि तीच उष्णता कवचाला देतो. घरट्याच्या तळाच्या खड्यांखाली अर्धा सेंटिमीटर पुरा, वर तेच खडे मांडा, आणि बाजूला सावलीत एक दुसरं ठेवा, नाहीतर नोंदीत हवा किती आणि पक्षी किती हे वेगळं काढता येणार नाही.

काही आराखड्यांत खोटी घरटी असतात, कोंबडीची किंवा लाव्यांची अंडी माळावर मांडून कोण खातं ते पाहायचं. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडे हे करू नये. खोट्या घरट्यावर हाकलायला टिटवी नसते, त्यामुळे आलेला आकडा खऱ्या घरट्याचा नसतोच. वर गावाजवळच्या मोकाट कुत्र्यांना माळावर अंडी शोधायची सवय लागते, आणि ती तुम्ही निघून गेल्यावरही राहते.

आता या सगळ्याचा तुमच्या निष्कर्षाशी काय संबंध, ते आकड्यात पाहू. घरट्यांचा टिकाव मोजायला हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी १९६१ मध्ये दिलेली पद्धत आजही पाया म्हणून वापरतात. किती घरटी किती दिवस निरीक्षणाखाली होती याची बेरीज करायची आणि नष्ट झालेल्या घरट्यांना तिनं भागायचं. समजा वीस घरटी मिळून २०० घरटं-दिवस झाले आणि सहा घरटी गेली. सहा भागिले २०० म्हणजे ०.०३ हा रोजचा नाश, तो एकातून वजा केला की रोजचा टिकाव ०.९७, आणि २८ दिवसांची उबवणी पार करण्याची शक्यता ०.९७ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजे सुमारे ४३ टक्के. तुमच्या वाटेनं किंवा झेंडीनं आणखी दोनच घरटी गेली असतील तर रोजचा टिकाव ०.९६ होतो आणि शक्यता ३२ टक्क्यांवर येते. दोन घरट्यांनी निष्कर्ष अकरा टक्क्यांनी खाली आला, आणि प्रबंधात मात्र 'या भागात टिटवीची घरटी फारशी टिकत नाहीत' असं छापलं जाईल.

यावर उपाय आराखड्यातच करा. चाळीस घरटी सापडली तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला दोनदा हात लागेल, दुसऱ्याकडे फक्त दुर्बिणीतून दर चार-पाच दिवसांनी पाहायचं, पक्षी बसलेला आहे की नाही एवढंच. शेवटी दोन्हींचा टिकाव तुलना करून मांडा. फरक दिसला नाही तर तुमचे आकडे भक्कम झाले. फरक दिसला तर तोही निष्कर्षच आहे, आणि तो लपवायचा नाही. जगभरच्या अभ्यासांत सगळ्या पक्ष्यांना लागू होईल असं एक उत्तर मिळत नाही. जात, जागा आणि भक्षक बदलले की उत्तर बदलतं, म्हणून आपल्या माळावरचं उत्तर आपणच काढावं लागतं. तुमच्या हातून अंड्याला तडा गेला तर तेही 'संशोधकामुळे' या रकान्यात लिहा. केसासारखा तडा असेल आणि आतली त्वचा फाटली नसेल, तर तेवढ्याच रेषेवर नेलपॉलिशचा अगदी पातळ थर दिला तर पाणी उडून जाणं थांबतं. पूर्ण अंडं रंगवायचं नाही.

दुसऱ्या पक्ष्यांवर हीच पद्धत जशीच्या तशी नेऊ नका. वैनगंगा-वर्धेच्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय थव्यानं घरटी करतात. एक माणूस बेटावर उतरला की सगळे एकदम उठतात आणि सगळ्यांची अंडी एकाच वेळी उघडी पडतात, त्यामुळे तिथे दहा मिनिटांत आटोपून बाहेर यावं लागतं आणि काठावरून मोजता येत असेल तर उतरूच नये. वेडा राघू मुरमाच्या कापात बीळ करतो. काठावर वरून उभं राहिलात तर बीळ खचतं आणि अंडी आत गाडली जातात. तपासणी समोरून, बारीक नळीच्या कॅमेऱ्यानंच. बगळ्यांच्या सारंगागारात (झाडांवरच्या घरट्यांच्या वसाहतीत) पक्षी दचकून उठताना स्वतःच्याच पायानं अंडं खाली ढकलतो. तिथे झाडावर चढणं पूर्ण वर्ज्य, मोजणी लांबून. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) आणि बोड्यांवर (लहान तळ्यांवर) सारस एक किंवा दोनच अंडी घालतो, आणि महाराष्ट्रात तो थोड्याच जोड्यांच्या संख्येनं उरला आहे. तिथे माप आणि वजनाचा विषयच काढू नका. धानाच्या बांधावरून दुर्बीण पुरे.

परवानगीचं आता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. टिटवी जागोजागी दिसते म्हणून ती सुटत नाही. संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, कार्यालय नागपूरलाच आहे. अर्जात किती घरटी, किती भेटी, किती मिनिटं, कोणतं साहित्य हे नेमकं लिहा. हंगामाच्या बऱ्याच आधी अर्ज करा. मार्चमध्ये अर्ज केलात तर परवानगी येईपर्यंत अर्धी पिल्लं निघून गेलेली असतील.

उन्हाळवाहीत ट्रॅक्टरखाली येणारी घरटी हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण तुम्हाला तो टाळता येणार नाही, कारण शेतकरी विचारेल. अंडी उचलून धुऱ्यावर (बांधावर) ठेवू नका, टिटवी तिथे बसेल याची खात्री नसते. घरट्याभोवती तीन मीटर लांब-रुंद पट्टा न नांगरता सोडायला सांगा. तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेषेच्या ओळीत, घरट्याच्या दोन्ही बाजूंना पाच मीटरवर पऱ्हाटीची (कपाशीची) एकेक काडी टोचा, तिथे पोहोचला की चालक रोटाव्हेटर उचलतो. ट्रॅक्टर गेला की काड्या काढून टाका. एकट्या पट्ट्याकडे कावळ्याचं लक्ष जातं, म्हणून त्याच वावरात असे आणखी दोन-तीन रिकामे पट्टे राहू दिले तर बरं.

न उबलेली अंडी राहिली तर घाईनं उचलू नका. बाकीची फुटून पिल्लं निघून गेल्यावरही तीन-चार दिवस थांबा, आणि परवान्यात तसं लिहिलेलं असेल तरच घ्या. अशा अंड्यांतून पुष्कळ कळतं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये बहिरी ससाण्याच्या जुन्या-नव्या कवचांची तुलना करून दाखवलं की कवचं पातळ झाली आहेत, आणि त्यामागे डीडीटी आहे हे पुढे स्पष्ट झालं. कवचाचं मिलिग्रॅममधलं वजन, भागिले लांबी गुणिले रुंदी मिलिमीटरमध्ये, हा त्यांचा निर्देशांक आजही वापरतात. कपाशीच्या पट्ट्यातल्या अंड्यांसाठी तो काढून ठेवण्यासारखा आहे. अंडं मधोमध कापा, आतला भाग काचेच्या स्वच्छ बाटलीत घालून उणे वीस अंशांवर ठेवा, प्लॅस्टिकची डबी नको. कवच साध्या पाण्यानं धुऊन, आतली त्वचा तशीच ठेवून, खोलीच्या तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. बाटलीवर घरट्याचा क्रमांक, तारीख आणि शेजारच्या वावरात त्या हंगामात काय फवारलं ते पेन्सिलनं लिहा.